हिफ्ज की गणित? नाशिकच्या एका आईला उत्तर

पत्र असं आहे (थोडं आटोपशीर केलं आहे, ओळख पटेल असा मजकूर वगळला आहे):

"आपा, अस्सलामु अलैकुम. आम्ही वडाळ्यात राहतो. मिस्टर अंबडला कंपनीत फिटर आहेत. थोरला मुलगा आठवीत आणि धाकटी मुलगी पाचवीत, दोघं महापालिकेच्या मराठी शाळेत. मुलगी लहानपणापासून वेगळीच आहे. चार वर्षांची असताना दुकानांच्या पाट्या वाचायची. आता दादाच्या आठवीच्या पुस्तकातली गणितं तोंडी करते, पण वहीत रीत लिहीत नाही, नुसतं उत्तर लिहिते, म्हणून मार्क कापले जातात. असरनंतर (दुपार उतरल्यावरच्या नमाजनंतर) मकतबला (कुरआन शिकायच्या शाळेत) जाते. तिसावा पारा (कुरआनच्या तीस भागांपैकी शेवटचा) तिने इतक्या लवकर पाठ केला की हाफिजसाब स्वतः घरी आले. म्हणाले, शाळा थांबवा, तीन वर्षं मुलींच्या निवासी मदरशात ठेवा, पोरगी हाफिजा (पूर्ण कुरआन पाठ असलेली) होईल. अल्लाहने एवढी याददाश्त दिली, ती कुरआनसाठी वापरली नाही तर तुम्हाला जवाब द्यावा लागेल. शाळेतले सर म्हणतात नवोदयला बसवा, हिचं डोकं वाया घालवू नका. सासूबाई म्हणतात कुणाला काही सांगूच नका, नजर लागेल. दीर मात्र तिचे व्हिडिओ काढून खानदानच्या ग्रुपवर टाकतात. मुलगा हल्ली गप्प असतो, तिचा विषय निघाला की जेवणावरून उठून जातो. आणि परवा तिने मकतबमध्ये विचारलं, 'अल्लाहला सगळं आधीच माहीत आहे, तर तो आपली परीक्षा कशाला घेतो?' सगळ्यांसमोर ओरडा बसला. आता मकतबला जायचंच नाही म्हणते. दीनच्या (धर्माच्या) हिशेबाने अशा मुलाला कसं शिकवायचं? आमच्याकडून चुकलं तर आम्ही गुनाहगार होऊ का?"

वालेकुम सलाम, ताई.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण ती भीती मनात असेपर्यंत बाकीचं काही डोक्यात शिरणार नाही. मुलीला पूर्ण कुरआन पाठ करायला पाठवलं नाही, म्हणून तुम्ही गुनाहगार होत नाही. नमाज नीट अदा व्हावी एवढं पाठ असणं ज्याच्या त्याच्यावर फर्ज आहे. संपूर्ण हिफ्ज, म्हणजे सगळा कुरआन पाठ करणं, ही फार मोठ्या फजिलतीची (पुण्याची) गोष्ट, पण ती फर्ज-ए-किफाया आहे; समाजातल्या काहींनी केली की बाकीच्यांवरची जबाबदारी उतरते. मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही. मनाची खात्री हवी असेल तर हाच मुद्दा एखाद्या जाणत्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्या. उत्तर वेगळं येणार नाही.

हाफिजसाबांचं एक म्हणणं मात्र मला सोळा आणे पटतं. ही बुद्धी तुमची कमाई नाही आणि तुमच्या लेकीचीही नाही. ती अमानत आहे, आणि तिच्याबद्दल विचारणा होणार आहे. सूरह अनआम या कुरआनच्या अध्यायाची शेवटची आयत हेच सांगते: अल्लाहने तुमच्यातल्या काहींचे दर्जे इतरांपेक्षा उंच केले, ते जे दिलं त्यात तुमची आजमाइश व्हावी म्हणून. पण विचारणा फक्त याददाश्तीची होणार आणि गणिताच्या डोक्याची होणार नाही, असं कुठे म्हटलंय? दोन्ही देणारा एकच आहे. तुमच्या घरात गेले काही दिवस एक दीनची देणगी आणि एक दुनियेची देणगी अशी वाटणी चालली आहे, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे.

आता एका मुलाची हकिकत सांगते. हाफिजसाबांशी बोलायला जाल तेव्हा ती सोबत असू द्या. त्यांना ती ठाऊक असणारच. पैगंबर (सल्ल.) मदिनेत आले तेव्हा झैद बिन साबित हे अकराएक वर्षांचे होते, म्हणजे तुमच्या लेकीच्याच वयाचे. घरच्यांनी त्यांना पैगंबरांसमोर आणलं आणि कौतुकाने सांगितलं की या पोराने कुरआनच्या दहावर सूरह पाठ केल्या आहेत. पैगंबरांनी त्या ऐकल्या, त्यांना आनंद झाला. आणि मग त्यांनी त्या मुलाला काय सांगितलं? यहुद्यांची लिपी शिकून घे, त्यांच्याशी होणाऱ्या पत्रव्यवहारासाठी मला भरवशाचं माणूस हवं आहे. झैद सांगतात की पंधरवड्याच्या आसपास त्यांनी ती शिकून घेतली. पुढे पत्रं लिहायची आणि आलेली वाचून दाखवायची कामगिरी त्यांच्याकडे होती.

ज्या मुलाची याददाश्त कुरआनवर सिद्ध झाली, त्यालाच पैगंबरांनी आणखी एक इल्म दिलं, तेही परक्या लोकांचं. त्याने कुरआन मागे पडला का? पैगंबरांच्या पश्चात हजरत अबू बक्र यांच्या काळात कुरआन एकत्र लिहून काढायचं काम निघालं, तेव्हा ते याच झैदवर सोपवलं गेलं. आणि सहाबांमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांमध्ये, वारसाहक्काचे हिस्से काढण्यात सगळ्यात तरबेज कोण, तर पुन्हा हेच झैद. मिरासीचे हिस्से काढणं म्हणजे अपूर्णांकांचा हिशेब, ताई. एकाच डोक्यात कुरआन, परकी लिपी आणि हिशेब सुखाने नांदले.

हजरत बिलाल यांचंही तसंच. अजानचे शब्द स्वप्नात ऐकले होते अब्दुल्लाह बिन झैद या सहाबींनी. पण पैगंबरांनी त्यांना सांगितलं, हे शब्द बिलालला शिकव, त्याचा आवाज तुझ्यापेक्षा चांगला लांब जातो. कुणाकडे काय आहे हे पाहायचं आणि त्याला साजेसं काम द्यायचं, ही पद्धत त्या काळापासूनची आहे.

"पण दोन्ही एकदम झेपेल का?" हा तुमच्या मिस्टरांचा प्रश्न असेल असा माझा अंदाज आहे. हा वाद आजचा नाही. इब्न खल्दून या इतिहासकारांनी १३७७ च्या सुमारास लिहिलेल्या मुकद्दिमा या ग्रंथात याची सविस्तर चर्चा आहे. त्यांच्या काळी मगरिबमध्ये, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम भागात, मुलांना आधी फक्त कुरआन शिकवत, दुसरं काही त्यात मिसळू देत नसत. अंदलुसमध्ये, म्हणजे त्या वेळच्या मुस्लिम स्पेनमध्ये, कुरआनसोबत कविता, व्याकरण, सुलेखन असं सगळं चाले. त्याच अंदलुसचे काझी अबू बक्र इब्न अल-अरबी यांनी तर याच्याही पुढे जाऊन सुचवलं होतं की मुलाला आधी भाषा आणि कविता शिकवा, मग हिशेब, आणि बुद्धीला एवढी धार आली की मग कुरआन; म्हणजे तो समजून वाचेल. इब्न खल्दून म्हणतात, पद्धत चांगली आहे, पण रिवाज तिच्या बाजूने नाही, कारण मूल मोठं होऊन हाताबाहेर गेलं तर कुरआन राहूनच जाईल अशी आईबापांना धास्ती असते. हाफिजसाबांच्या मनातली धास्ती हीच आहे. ती खोटी नाही, तिचा मान ठेवा.

याच काझींचं आणखी एक वाक्य इब्न खल्दूननी नोंदवलं आहे आणि ते थेट तुमच्या लेकीच्या कामाचं आहे. एका वेळी दोन विषय मिसळून शिकवू नका, असं काझी म्हणतात. अपवाद फक्त अशा विद्यार्थ्याचा, ज्याची समज चांगली आहे आणि अंगात उत्साह आहे. साडेआठ-नऊशे वर्षांपूर्वी एका मालिकी काझीने हुशार मुलासाठी खास सूट लिहून ठेवली आहे! तुमच्या लेकीला ती सूट लागू पडते.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट लिहिते. तिची शाळा थांबवू नका. हिफ्जही थांबवू नका. मिस्टरांना सोबत घेऊन हाफिजसाबांकडे जा. आधी त्यांचे मनापासून आभार माना, कारण या पोरीत काहीतरी आहे हे ओळखून ते आपल्या पायांनी घरी आले. असे उस्ताद सगळ्यांच्या नशिबी नसतात. मग सांगा की हिफ्ज इथेच, तुमच्याकडेच, शाळेसोबत होऊ दे. रोजचा नवा सबक छोटा, आमोख्ता (मागच्या पाठाची उजळणी) पक्का. तीन वर्षांऐवजी सहा लागली तरी बिघडत नाही. आणि जेवढं पाठ होईल त्याचा मतलब तिला मराठीत सांगत चला. ज्या पोरीला "का" विचारायची सवय आहे, तिला नुसत्या घोकंपट्टीवर ठेवलं तर ती कंटाळते, आणि कंटाळलेलं हुशार मूल लोकांना उद्धट वाटू लागतं.

निवासी मदरशात मुली चांगलं शिकत नाहीत असं मला म्हणायचं नाही. पण पाचवीतलं मूल शाळेच्या प्रवाहातून तीन वर्षं बाहेर गेलं की परत येताना वय एक आणि वर्ग दुसरा, अशी अवस्था होते. शिवाय सहा ते चौदा वयाच्या मुलाचं शिक्षण हा कायद्याने त्याचा हक्क आहे, आपल्या मर्जीचा भाग नाही.

नवोदयबद्दलही मला हेच वाटतं, हे वाचून कदाचित सरांना वाईट वाटेल. आपल्या जिल्ह्याचं नवोदय विद्यालय दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं मोफत, शिक्षण चांगलं. परीक्षा पाचवीत असताना द्यायची, प्रवेश सहावीत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात, त्यामुळे शहरातल्या मुलांच्या वाट्याला थोड्याच येतात. परीक्षा जरूर देऊ द्या, अवघड पेपर सोडवण्यात तिला मजा येईल. पण निवड झाली तर पाठवायचं की नाही हे तिला शेजारी बसवून ठरवा. तुमच्या लक्षात आलं का, हाफिजसाब आणि सर या दोघांचे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण दोन्हींत दहा वर्षांची मुलगी घरातून जाते? मला विचाराल तर आणखी काही वर्षं ती तुमच्याजवळ असावी.

त्याचं कारण असं की हुशार मूल हे आधी मूल असतं, आणि हे सगळ्यांच्या आधी त्याचे उस्तादच विसरतात. अम्र बिन सलमा यांची हकिकत बुखारी या हदीसच्या संग्रहात आहे. त्यांची वस्ती पाणवठ्यावर, वाटेत. येणाऱ्या-जाणाऱ्या काफिल्यांकडून ऐकून ऐकून या पोराने कुरआनचा बराच भाग पाठ केला होता. वस्ती मुसलमान झाली आणि इमामतीसाठी ज्याला सर्वांत जास्त कुरआन येतो असा माणूस शोधू लागले, तर तो निघाला हा सहा-सात वर्षांचा मुलगा. त्यालाच पुढे उभं केलं. अंगावरचं वस्त्र इतकं आखूड की सजद्यात गेलं की वर सरकायचं. एक बाई म्हणाली, अरे, तुमच्या इमामाचं अंग तरी झाका! मग लोकांनी कापड आणून त्याला कमीस (सदरा) शिवून दिला. मोठेपणी ही आठवण सांगताना अम्र म्हणतात, त्या कमीसाचा मला जेवढा आनंद झाला तेवढा कशाचाच झाला नाही. साऱ्या वस्तीचा इमाम, आणि खूश कशाने, तर नव्या कपड्याने. मला ही हदीस फार आवडते.

इमाम गझाली (वफात ११११) यांनी इह्या या आपल्या ग्रंथात लिहिलं आहे की मकतबमधून आल्यावर मुलाला छानपैकी खेळू द्यावं. खेळ बंद करून सतत शिकण्याचा बोजा टाकला तर मुलाचं मन मरतं, बुद्धी बोथट होते आणि ते शिकण्यातून सुटायच्या पळवाटा शोधू लागतं. तुमच्या पत्रात शाळा आहे, मकतब आहे, परीक्षा आहेत. ती खेळते कधी आणि कुणाशी, ते कुठेच नाही. असर आणि मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) नमाजमधला वेळ मकतबमध्ये जातो हे मला कळतं. मग हिफ्जची वेळ फज्रनंतर (पहाटेच्या नमाजनंतर) घेता येईल का ते पाहा. सकाळी डोकं ताजं असतं आणि संध्याकाळ मोकळी राहते.

आता तिच्या प्रश्नाबद्दल. ताई, मला या पत्रातलं सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं असेल तर त्या ओरड्याचं. "अल्लाहला सगळं माहीत आहे तर तो परीक्षा का घेतो" हा बेअदबीचा प्रश्न नाही. तकदीर या विषयावर मुसलमान विचारवंतांनी शेकडो वर्षं खल केला आहे आणि तुमची दहा वर्षांची पोर आपल्या पायांनी चालत त्या दारापर्यंत पोचली आहे. सूरह बकरामध्ये हजरत इब्राहिम खुद्द अल्लाहला विचारतात, तू मेलेल्यांना जिवंत कसं करतोस ते मला दाखव. अल्लाह विचारतो, तुझा ईमान नाही का? ते म्हणतात, आहे, पण दिलाला इत्मिनान (समाधान) हवा. त्यांना ओरडा बसला नाही. दाखवलं गेलं.

तिला घरी जवळ बसवा आणि सांगा की प्रश्न चांगला होता. उत्तर म्हणून एवढं सांगता येईल: परीक्षा अल्लाहला कळावं म्हणून नसते, आपल्या हातून काय होतं ते आपल्याला कळावं आणि ते करायची संधी मिळावी म्हणून असते. यावर ती आणखी दोन प्रश्न विचारेल. विचारू द्या. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, आपण विचारू" म्हणायला लाजू नका. इमाम मालिक यांना एकदा लांबून आलेल्या माणसाने बरेच मसले विचारले आणि त्यातल्या बहुतेकांना त्यांनी "मला माहीत नाही" असंच उत्तर दिलं, अशी रिवायत आहे. एवढ्या मोठ्या इमामांना ज्यात कमीपणा वाटला नाही, त्यात आपल्याला कशाला वाटावा? हाफिजसाबांनाही एकांतात, सन्मानाने सांगा की पोर दुखावली आहे. त्यांनी एकदा तिच्या डोक्यावर हात ठेवून "बेटा, चांगला सवाल होता" म्हटलं तर ती उद्यापासून मकतबला धावत जाईल.

हे आत्ताच सावरा असं मी म्हणते कारण एकदा गप्प बसायला शिकलेलं मूल लवकर बोलत नाही. अब्दुल्लाह बिन उमर लहान असताना पैगंबरांनी बसलेल्या मंडळींना कोडं घातलं: असं एक झाड आहे ज्याची पानं गळत नाहीत, ते मोमिनासारखं (श्रद्धावंतासारखं) आहे, सांगा कोणतं? सगळे रानातली झाडं आठवत बसले. इब्न उमर यांच्या मनात आलं, खजूर. पण समोर मोठी माणसं, आपण सगळ्यांत धाकटे, म्हणून तोंड उघडलं नाही. उत्तर खजूरच होतं. नंतर त्यांनी वडिलांना हे सांगितलं तेव्हा हजरत उमर म्हणाले, तू बोलला असतास तर मला अमक्या-तमक्या दौलतीपेक्षा ते प्यारं होतं. बापाने असं म्हणावं लागतं. तुमच्या मिस्टरांनी एकदा तिला असं काही म्हणावं, अशी माझी त्यांना विनंती आहे.

सासूबाई आणि दीर या दोघांत सासूबाईंची बाजू मला जास्त बरोबर वाटते, जरी कारण वेगळं असलं तरी. हजरत यूसुफनी अकरा तारे, सूर्य आणि चंद्र आपल्याला सजदा करताहेत असं स्वप्न वडिलांना सांगितलं, तेव्हा हजरत याकूब पहिलं वाक्य काय बोलले? बाळ, हे तुझ्या भावांना सांगू नकोस. देणगी लपवून मारून टाका असं ते म्हणाले नाहीत. मिरवू नकोस म्हणाले. नजरेसाठी माशाअल्लाह म्हणा, मुअव्वजतैन (कुरआनच्या शेवटच्या दोन सूरह) वाचून दम करा (फुंकर घाला), तेवढं पुरेसं आहे. पण व्हिडिओ बंद झालेच पाहिजेत. ग्रुपवर येणाऱ्या शाबासकीने मूल हरभऱ्याच्या झाडावर चढतं, आणि मग ज्यात चुकायची भीती असेल असं अवघड गणित ते हातातच घेत नाही. दिरांना प्रेमाने सांगा की पुतणीचं कौतुक करायचं असेल तर तिला एक चांगलं पुस्तक आणून द्या. तो फोन रोज कुणासमोर धरला जातो आणि कुणासमोर धरला जात नाही, हे तुमचा मुलगा पाहतोय.

त्या मुलाकडे येते, कारण मला त्याची काळजी तिच्यापेक्षा जास्त वाटते. नुअमान बिन बशीर यांच्या वडिलांनी त्यांना एकट्याला एक भेट दिली आणि पैगंबरांना साक्षी राहायला सांगितलं. पैगंबरांनी विचारलं, सगळ्या मुलांना असंच दिलंस का? नाही म्हटल्यावर ते म्हणाले, अल्लाहची भीती बाळगा आणि आपल्या मुलांमध्ये इन्साफ करा. कौतुक ही सुद्धा भेटच आहे. तुमच्या चार कागदांच्या पत्रात मुलीबद्दल साडेतीन कागद आहेत आणि मुलाबद्दल एक वाक्य: गप्प असतो, उठून जातो. तो काय करतो, त्याला काय आवडतं, यातलं काहीच मला कळलं नाही. बाप फिटर आहे. सुट्टीच्या दिवशी त्याला हाताशी घेऊन पंखा उघडा, मिक्सर उघडा, बघा त्याचे हात काय बोलतात. इब्न कय्यिम (वफात १३५०) यांनी मुलांच्या संगोपनावर लिहिताना सांगितलं आहे की मूल कशासाठी घडलं आहे ते आधी निरखा, आणि ज्यासाठी ते घडलेलं नाही त्यात त्याला कोंबू नका. हे त्यालाही तितकंच लागू आहे. आणि एक गोष्ट काही झालं तरी करू नका: धाकट्या बहिणीला दादाची गणितं सोडवून दाखवायला सांगू नका. त्याचं पुस्तक तिला हवंच असेल तर तिच्यासाठी वेगळं आणा.

मुलगी आहे, एवढं शिकवून काय करायचं, असं तुमच्या पत्रात कुणीच म्हटलेलं नाही. सासूबाईंनीही नाही. हे मी आनंदाने नोंदवते.

शाळेतल्या गणिताचं आता थोडक्यात. रीत न लिहिणं हा आळस नसतो. तिच्या डोक्यात मधल्या पायऱ्या इतक्या झटकन होतात की त्या लिहिण्यासारख्या वाटत नाहीत. "मार्क जातील" म्हणून ती लिहिणार नाही. "ज्याला हे येत नाही अशा मैत्रिणीला कळेल असं लिहून दाखव" म्हटलं तर लिहील. इमाम शाफई लहानपणी बापाविना वाढले, आईकडे उस्तादांची फी द्यायला काही नव्हतं. उस्ताद बाहेर गेले की हा मुलगा बाकीच्या मुलांना शिकवायचा आणि उस्तादांनी तीच फी मानली, असं त्यांच्या चरित्रात येतं. दुसऱ्याला समजावताना आपलं पक्कं होतं. सरांना विचारा, गणिताच्या तासाला तिला वरच्या वर्गात बसू देतील का. बाकी सगळे तास मैत्रिणींसोबत पाचवीतच. तीच ती गणितं जास्त देऊ नका, वेगळी द्या. पुढच्या वर्षी सहावीत डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, त्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिकही असतं. आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा देता येईल; घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तुमच्या थोरल्याचं ते वर्ष हेच आहे, शाळेत चौकशी करा. टिळकपथावरच्या सार्वजनिक वाचनालयाची पायरी दोघांना एकदा दाखवा. १८४० पासून ते नाशिककरांना पुस्तकं देत आलं आहे.

आणि महागड्या क्लासच्या मागे लगेच धावू नका. इब्न सिना दहाव्या वर्षी हाफिज झाले होते, आणि हिंदी पद्धतीचा हिशेब शिकायला वडिलांनी त्यांना पाठवलं ते बुखाऱ्यातल्या एका भाजीवाल्याकडे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. मिस्टरांनी तिला एखाद्या दिवशी पंचवटीच्या मार्केट यार्डात लिलाव चालू असताना न्यावं. क्रेटचा भाव, वजन, हमाली, तोलाई असं डोक्यात पकडत पोर किती रमते ते पाहा.

मध्येच कधीतरी तिचे मार्क घसरतील, तेव्हा घाबरू नका. मरियम मिर्झाखानी ही तेहरानची मुलगी. माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी तिचं गणित बरं चाललं नव्हतं आणि बाईंना ती काही खास वाटली नव्हती. पुढच्या वर्षी वेगळ्या शिक्षकांनी धीर दिला. १९९४ आणि १९९५ मध्ये तिने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदकं मिळवली आणि २०१४ मध्ये गणितातलं फील्ड्स पदक मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री ठरली.

शेवटी तिच्यासाठी एक काम देते. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं शिकवणारे द. रा. कापरेकर मास्तर आपल्याच जिल्ह्याचे. त्यांनी १९४९ मध्ये एक गंमत शोधून काढली. चार अंकी कोणतीही संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून छोट्याकडे मांडायचे, मग उलटे मांडायचे, आणि वजा करायचं. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ वर हेच करून पाहायला सांगा, आणि मग तिच्या आवडीच्या दुसऱ्या संख्येवर. दादालाही एक संख्या निवडू दे, त्याची त्याने सोडवावी, तिची तिने.

ते झालं की तिला विचारा, तीन अंकी संख्या घेतली तर काय होतं? उत्तर मी इथे लिहीत नाही, कारण हे सदर ती वाचणारच. तिच्या अक्षरात, सगळ्या पायऱ्यांसकट, मला पाठवायला सांगा.